हुकल्यावर हसणारं माकड

(वाशीम. मंगरूळपीर रोडवरचं देवानंदचं हॉटेल, मंगळवारी दुपारी. कोपऱ्यात मुलांसाठी बसवलेलं टच-स्क्रीनचं टेबल; त्यातला डबा भरायचा खेळ पौर्णिमानं बनवलेला.)

देवानंद : माकडही काढलं आन् घड्याळही? मंग उरलं काय त्याच्यात, पौर्णिमाताई?

पौर्णिमा : डबा आहे ना. भाकर, ठेचा, आंबा बोटानं ओढत न्यायचं आणि कप्प्यात सोडायचं. खेळ तोच आहे, भाऊ.

देवानंद : तोच कसा? पोट्टे त्या माकडासाठी येतेत. अनसिंगचे एक मास्तर दर रविवारी दोन पोट्टे गाडीवर घेऊन येतेत. वस्तू बोटातून निसटली का माकड झाडावर पोट धरून हासते, आन् पोट्टे त्याच्याहून जास्त. घड्याळाची तं मलेही सोय होती. घंटी वाजली का खेळ खतम, पोट्टं मुकाट्यानं जेवाले बसे. माह्या रिसोडच्या नव्या हाटेलातही हेच टेबल लावाचे हायेत. असं बिनमिठाचं केलं तं तिथं कोन खेळन?

पौर्णिमा : फोनवर तुम्ही अर्धंच सांगितलं. म्हणून तर मी स्वतः आले. मागच्या मंगळवारी नेमकं काय झालं?

देवानंद : आसेगावच्या लिलाबाई हायेत. त्याईची नात रेणू, नऊ वर्षांची. जन्मापासून हात थरथरते पोरीचा. दर मंगळवारी तिले इथं डॉक्टरकडं हाताच्या कसरतीले आनतेत, मंग बस येईलोक माह्याकडं जेवतेत. खेळाचा टेबल रिकामा होता, तं मीच म्हटलं, जा बेटा, खेळ. तिनं भाकर धरली. डब्यापाशी जाता जाता बोट उचकलं, भाकर पडली, माकड हासलं. पुन्हा धरली, पुन्हा हासलं. अकरा खेपा, ताई. मी काउंटरवरून पाहून राह्यलो होतो आन् उठलो नाई. बाजूच्या टेबलावरचे पोट्टेही हासाले लागले. ते काई वाईट नोयते, माकड हासते म्हनून हासत होते. मंग पोरीनं आपलाच हात दातात धरला. आजीनं तिले उचललं, आन् न जेवता गेल्या.

पौर्णिमा : नंतर तुम्ही फोन केलात त्यांना?

देवानंद : केला. आजी चिडल्या नाई, ते जास्त लागलं मले. म्हने, पोरगी दोन दिवस बोलली नाई. तिसऱ्या दिवशी इचारलं, आजी, माहा हात असा हाये हे त्या माकडाले कोनं सांगतलं?

पौर्णिमा : ते हसणं माझं आहे, भाऊ. माझ्याच आवाजात भरलंय. वीस मुलांकडून खेळून घेतलं, वीसही खदखदून हसली. मला वाटलं, जमलं.

देवानंद : तुमच्या एकलीचं नाई ते. मीही... थांबा, लिलाबाई आल्या वाटते. मी बोलून येतो. (जाऊन परत येतो.) बसल्या त्या पंख्याखाली. म्हनतेत, आमाले साधा टेबल द्या, पोरीले तिकडं नेऊ नका. पन पोरगीच येऊन राह्यली, पाहा.

रेणू : हे तुमी केलं?

पौर्णिमा : हो. मी पौर्णिमा. तू रेणू ना?

रेणू : माकडही तुमीच केलं?

पौर्णिमा : मीच. तो आवाजही माझाच होता. तुझा हात त्याला माहीत नव्हता, रेणू. कोणाच्याही हातून काही पडलं तरी ते हसायचं. चुकलं माझं.

रेणू : मले वाटलं, मलेच हासते.

पौर्णिमा : नाही. आता काढून टाकलंय. खेळून पाहतेस? मन नसेल तर राहू दे.

रेणू : भाकर... आता ठेचा... हे तं आपोआप चिकटून राह्यलं. मी सोडला होता ठेचा.

पौर्णिमा : हो, आता खाली पडतच नाही.

रेणू : सगळ्याईसाठी असं केलं का माह्यासाठी?

पौर्णिमा : तुझ्यासाठी.

रेणू : मंग मी कुठी जिंकली? तुमीच जिंकल्या.

देवानंद : ऐका, ताई. हेच मी मघापासून सांगून राह्यलो.

पौर्णिमा : तू सांग मग. कसं करू?

रेणू : घड्याळ ठेवा. पडलं तं पडू द्या.

पौर्णिमा : आणि माकड?

रेणू : राहू द्या. पन हासते काहून? झाडावर नुसतं बसूनच तं हाये. खाली उतरावं, भाकर उचलून द्यावी.

पौर्णिमा : हे मला सुचायला हवं होतं. अन् बोट उचकतं तेव्हा काय करायचं?

रेणू : माहा हात पयले इकडं जाते, मंग तिकडं जाते, मंग थांबते. थांबतेच तो. तुमचा टेबल त्याच्या आधीच पडलं म्हनते.

पौर्णिमा : म्हणजे त्यानं जरा वाट पाहायची.

रेणू : जराशीच. लय नाई.

पौर्णिमा : किती? मोजून दाखव.

रेणू : एक... दोन. इतकी.

पौर्णिमा : बस माझ्याजवळ. माकडाला खाली उतरवायला मला चार दिवस लागतील, पण चिकटणं काढून घड्याळ आणि वाट पाहणं आत्ताच या लॅपटॉपवर बसवते. भाऊ, रिसोडला हेच जाईल. वेगळं नाही. चालेल?

देवानंद : चालन. आधी हिचं पाहू द्या. मी आजीपाशी बसतो तवरक, घाबरून राह्यल्या त्या.

पौर्णिमा : हं, झालं. लाव बोट. घाई करू नको... पोचली भाकर. तुझी तूच नेलीस.

रेणू : बोलू नका, ठेचा पडते... पोचला. आता आंबा. आंबा... गेला. घंटी वाजली.

पौर्णिमा : थोडक्यात राहिलं. आणखी अर्धा सेकंद देऊ का?

रेणू : नका देऊ.

देवानंद : बेटा, ताट लावलं. आजी कवापासून बोलावून राह्यली.

रेणू : तिले सांगा, अजून एक डाव हुकतो, मंग येतो.