गोडं तेल

माझं माहेर निपाणीजवळ, आई बिड्या वळायची, बाप तंबाकूच्या वखारीत, आणि मला दिली ती इकडं बेळगावात वडगावला, कापड इणणाऱ्या मागवाल्याच्या घरात. घरातच दोन माग, दिवसभर खडखडाट, सवय हुईस्तवर डोकं उठायचं. मी तोंडाची फटकळ, सासूशी एक दिवस जमलं न्हाय, पण ते जाऊ दे, तुम्ही माझ्या दीपाचं इचारलंसा न्हवं.

दीपा आता बारा वर्साची. आठव्या वर्सापासनं तिला मनाचा आजार, डॉक्टर मूडचा आजार म्हणत्यात. चढली की चार-चार दिवस बडबड, नाच, झोप म्हणून न्हाय. उतरली की भिंतीकडं तोंड करून बसणार आणि मी मरणार गं आई म्हणत ऱ्हाणार. त्यात आणि शेंगा बाधायच्या. एकदा शेंगदाण्याचा लाडू खाल्ला आणि व्हट सुजलं, घसा धरला, तवा दवाखान्यात सांगितलं, शेंगदाण्याचा कण पोटात जाता कामा न्हाय, जिवावर बेतंल. मी त्याच दिवशी सगळं डबं घासून काढलं. शेंगा न्हाय, कूट न्हाय. सासू म्हणाली आता काय माती खायाची, म्हणलं खावा.

आणि मग ती बाई यायला लागली. काय सांगू तुम्हाला, आजबी अंगावर काटा येतोय. उतरलेल्या दिवसात पोरगी दुसरं कायबी खायाची न्हाय, नुसती भाकरी आणि लसणाची चटणी, वर गोडं तेल, तेबी घाण्याचं. खाऊन हात धुतला की दाराकडं बघायची आणि म्हणायची, आई, ती आली. कोण आली गं? तर मला न्यायला आलीया. भर दुपारी, दार सताड उघडं, उंबऱ्यावर कोण न्हाय. एकदा लाईट गेली, सगळ्या गल्लीचं माग एकदम थांबलं, आणि त्या शांततेत ती म्हणाली, ऐक, ती श्वास घेतीया. आणि मलाबी ऐकू आलं हो, घर्र घर्र. माझ्याच लेकीच्या छातीतनं येत हुतं ते, पण तवा कळलं न्हाय. सासूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी म्हणलं मनाचा आजार हाय, झोपू दे तिला. घटकाभरानं निवळायचं, की आम्ही इसरायचो.

गेल्या साली महिनाभर पोरगी चांगली हुती, ना चढ ना उतार. शाळेतनं हसत आली, भाकरी मागितली, चटणी-तेल घेतलं, आणि हसता हसता थांबली. आई, ती आली. मी चमकले. आज तर ही उतरलेली न्हाय, मग बाई कुठल्या वाटनं आली? हात धरला तर तळवं लालभडक, कानामागं गांधी उठलेल्या. नवऱ्यानं माग तसाच सोडून स्कूटर काढली.

डॉक्टर कानडी. इंजेक्शन दिलं, पोरगी सावरली, मग मला इचारलं काय खाल्लं. मी कानडीतच सांगितलं, रोट्टी, चटणी, यण्णी. याव यण्णी, म्हणाले, कुठलं तेल. आणि माझ्या तोंडातनं आलं, शेंगा यण्णी.

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. मराठीत आम्ही गोडं तेल म्हणतो हो, त्यात शेंगेचं नावच न्हाय. जल्मभर वतलं, कधी ध्येनात आलं न्हाय. लेकरू तेवढं तरी खातंय म्हणून मीच धार जास्त सोडत हुते. डॉक्टर म्हणाले, घाण्याच्या तेलात शेंगेचा अंश ऱ्हातोय, आणि ह्या ॲलर्जीत अंगावर काय उठायच्या आधीच मरणाची भीती येती, पोरगी खरं सांगत हुती. मी तिथंच रडले, फटकळ तोंड कुठं गेलं कुणास ठाऊक.

आता घरात सूर्यफुलाचं तेल. ॲलर्जीच्या औषधाचा एक डबा दप्तरात, एक घरात, आणि ॲलर्जीच्या डॉक्टरच्या गोळ्या मनाच्या डॉक्टरला दावल्याबिगर द्यायच्या न्हाईत. मूडचा आजार हाय तसा हाय, तो काय तेलानं आला नव्हता. देव तिला माझं आऊक्ष देवो. पण ती आली म्हणली की मनाचे खेळ हायत असं मी आता म्हणत न्हाय. आधी तळवं बघायचं, व्हट बघायचं, छातीला कान लावायचा.

परवा परत म्हणाली, आई, ती आली. खाल्लेलं काय नव्हतं, तळवं साफ, छाती साफ. उतारच हुता. म्हणलं, कुठं हाय गं ती? तर म्हणाली, तुझ्या शेजारीच टेकलीया, तिला जागा पुरंना, सरक जरा. मी सरकून बसले, पण दीपाचा हात काय सोडला न्हाय.