काठावरची माणसं आणि नवी बॅक

मी अकोल्याच्या जुन्या शहरातला, मोर्णा नदीच्या पलीकडचा, नाव हनीफ, धंदा फोटोचा. स्टुडिओ अब्बांचा, कॅमेराही अब्बांचाच, चौकोनी, मोठ्या रोलचा, वरून काचेत वाकून पाहायचा. त्याच्या मांगं रोलचा डबा लागते, तो काढला की कॅमेरा बिनकामाचा. अब्बा म्हणत, हनीफ, बायको रुसली तं घरीच समजावता येते, याचं शटर रुसलं की मुंबईले जा लागते.

काय सांगू तुमाले, लग्नातले बाकी फोटो आमी छोट्या कॅमेऱ्यावर काढत होतो, पण सगळ्या गोताचा ग्रुप फोटो याच्यावरच. कारण ऐका. खेड्यातल्या माणसाचा एकट्याचा फोटो नसते. तो गेला की घरचे येतात, म्हणतात, भाच्याच्या लग्नात उभा होता, पाहा ना भाऊ, सापडते का. सापडते, पण काठावर. मधात फेटेवाले, पुढाऱ्याच्या ओळखीचे, आणि काठावर ज्याले कोणी आवाज देऊन उभं केलं तो. मोठ्या निगेटिव्हमधून त्याचा चेहरा उचलायचा अन् हार घालायले फ्रेम करून द्यायची. शेतकरी कर्जापायी जीव देत होते, त्या सालांत असे लोक फार येत. पेपरवाल्यांकडे आकडे जात, माझ्याकडे चेहरे येत. कसा गेला, काहून गेला, मी विचारत नव्हतो.

मंग रोल यायचे बंद झाले, अमरावतीची लॅब बंद झाली, सारे म्हणे, दे भंगारात. तेवढ्यात कळलं, याच कॅमेऱ्याले रोलच्या डब्याऐवजी डिजिटल बॅक बसते, म्हणजे तसाच डबा, पण आत रोलच्या जागी फोटो टिपणारा सेन्सर. जुनं सामान विकणारा पराग नावाचा पोरगा मुंबईहून दोन वापरलेल्या बॅका घेऊन आला. एक त्यातल्या त्यात नवी, छोट्या सेन्सरची, कार्डावर फोटो घेणारी. दुसरी जुनी, मोठ्या सेन्सरची, वायरनं लॅपटॉपले बांधलेली. पराग नवीचे गुण गाऊन राहिला होता, आणि विकणारा ज्याचे गुण गाते त्याच्याकडे मी दोनदा पाहतो. मी स्क्रू पाहिले, वास घेतला, म्हणलं, हिचा पहिला मालक काहून विकून राहिला ते सांगा. पराग म्हणे, चाचा, सोयरीक जमवून राहिले का? म्हणलं, सोयरिकीत गावात चौकशी तरी करता येते.

त्यानं नवीवर फुलदाणीचा फोटो काढून दाखवला. एकदम झकास. जास्तच झकास. म्हणलं, फुलदाणीले कोणी हार घालत नाई, माणसं उभी करू. गल्लीतले शिंपी, बांगडीवाले, सारे एका रांगेत उभे केले, काठावर आमचे मोठे भाऊ रज्जाकभाई. वरून काचेत पाहिलं, सारे हाये. बटन दाबलं. कार्ड लॅपटॉपले लावून पाहिलं तं रज्जाकभाई गायब! ते म्हणे, काहून बे, मेलो का मी? म्हणलं, नाई भाई, मेले असते तं सापडाले पायजे होते.

परागनं लपवलं नाई. म्हणे, काच रोलच्या मापाची, सेन्सर त्याहून लहान, म्हणून काठ कापला जाते, छोट्या सेन्सरमधी जास्त, मोठ्यात कमी, मी सांगणारच होतो. सांगणार होता म्हणते, ठेवू विश्वास. मी मोठ्या सेन्सरची, वायरवाली घेतली. लोडशेडिंगचे दिवस, बॅटरी सोबत वाहा लागे, वाहिली. आणि सेन्सरले जेवढं दिसते तेवढ्याभोवती काचेवर काळी टेप लावली. आता टेपच्या आत तो फोटोत, बाहेर तो नाई. मांगं सरकलं तं सारे मावतात, पण चेहरे बारीक होतात, मंग फ्रेम कायची करता? म्हणून माणसंच आत वढा लागतात.

वलगावच्या एका लग्नात नवरीची आई, नवरा जाऊन वर्ष झालेली, आपणच जाऊन काठावर उभी राहिली. कोणी म्हणलं नाई, बाई ठरवूनच गेली, विधवेनं नवरीजवळ राहू नये म्हणून. टेपच्या बाहेर. म्हणलं, ताई, आत या, नवरीच्या बाजूले. नवरदेवाचे मामा तडकले, तिले राहू दे तिथं, तूच सरक ना मांगं. म्हणलं, मामाजी, मशीनले एवढंच दिसते, बाहेरदेशाची हाये, आपले मानपान तिले समजत नाई. मामा स्वतः आले, वाकून काचेत पाहिलं, टेप पाहिली, लॅपटॉपची वायर पाहिली, अन् म्हणे, मशीनचंच तसं असंल तं उभी राहा बाई. माझं त्यानं जन्मात ऐकलं नसतं. बाई आली, पोरीनं तिचा हात धरला, मी बटन दाबलं.

आजही त्या बॅकवर माझा पुरता भरोसा नाई. फाइल तीन जागी ठेवतो, तरी प्रिंट काढतोच.

ते बाई महिन्यानं दुकानात आली. म्हणे, भाऊ, त्या फोटोतून मले एकटीले काढून दे, मोठं करून, मी गेल्यावर पोरांची धावपळ नको. म्हणलं, ताई, यात तुमी हसून राहिल्या, भिंतीवर चालंल का? म्हणे, त्याच्यासाठीच तं हाच पायजे.

करून दिला. पेटीत ठेवला म्हणते, लुगड्याखाली. अल्ला करो, लई वर्सं तिथंच राहो.