एल रांगेपर्यंत आमचं शेत

मरोळला भातशेतीच्या जागी नवं नाट्यगृह उभं राहिलं. पहिल्या नाटकाच्या बुकिंगला सीताराम रांगेत दुसरा होता. पहिल्या कॉन्सेप्टा मावशी. पाव तास झाला, खिडकी सोडत नव्हत्या.

"मावशी, एम रांगेत मधोमध खुर्ची आहे. झकास दिसेल," बुकिंगवाला म्हणाला.

"एम नको. एल दे."

"एका रांगेनं काय फरक पडतो?"

"तुला नाय पडत. एलपर्यंत आमचं शेत. एमपासून माझ्या दिराचं, बॅप्टिस्टचं. मधे बांध होता. त्या अंगाला मी पाय ठेवत नाय."

"अहो, दोघांनी जमीन विकून चार वर्षं झाली ना?"

"जमीन विकली रे. भांडण कुठे विकलं?"

"पण एलमधली शेवटची खुर्ची सकाळीच गेली."

"कोणी नेली?"

"नाव बॅप्टिस्टच सांगितलं त्यांनी. मी एम देत होतो, तर हट्टानं एल मागून घेतली."

"बघ. बारा वर्षं कोर्टात भांडला, बांध ओलांडता आला नाय. आता तिकीट काढून घुसला."

"मग काय करू, मावशी?"

"एमची दे. बरोबर त्याच्या मागची. तो आमच्यात बसतोय, तर मी त्याच्यात बसते."

मावशी तिकीट पदरात बांधून निघाल्या. बुकिंगवाल्यानं कपाळ पुसलं.

"हां, तुम्हाला कुठली?"

"कुठलीही चालेल," सीताराम म्हणाला. "फक्त सातबारा साफ असलेली द्या."