पाण्याची नळी

बसमध्ये पुढच्या बाकावर मायलेकी बोलत होत्या. मागच्या शिंपीणबाई खिडकीबाहेर बघत, पण कान देऊन ऐकत होत्या.

"आमच्या लॅबमध्ये लोकांच्या पोटातले जिवाणू फोडून त्यांचा डीएनए काढायचा, आई, आणि वाचायला मशीनवर पाठवायचा. नमुन्यांसोबत एका नळीत मात्र नुसतं पाणी."

"पाण्यात कसले गं जिवाणू?"

"नसतातच. तरी निघाले, तर ते आमच्याच हातून पडलेले. मग नमुन्याला नावं ठेवायची नाहीत."

"असं होय! आणि परवा 'नवरा म्हणजे एक नमुना आहे' म्हणत बॅग घेऊन माहेरी आलीस, तेव्हा लावली होतीस का पाण्याची नळी?"

शिंपीणबाईंचा स्टॉप आला, पण त्या उठल्या नाहीत.

"आई, बाजाराचा स्टॉप मागे गेला!"

"जाऊ दे. पुढचा तुझ्या घराचा आहे."