दोन नळ्यांची अदलाबदल

नाही हो काका, बसा तुम्ही, ही पिशवी मी खाली ठेवतो. पाने-पकडी आहेत त्यात. प्लंबर आहे मी, इथून थेट कामावर जायचं म्हणून आणली — म्हणजे जायचं होतं. बायको आत आहे. पाचवा महिना संपत आलाय. नाही नाही, तिची तब्येत ठणठणीत! बाळाच्या हृदयाची सोनोग्राफी चाललीय, नुसत्या हृदयाची, तासभर लागतो म्हणे. आत एकटीलाच घेतात, घरच्यांना मागाहून बोलावतात. तुमची मुलगी का आत? होईल हो, सगळं नीट होईल — मी कोण सांगणारा म्हणा, पण होईल.

मागच्या सोनोग्राफीत काय निघालं? सांगतो ना. हृदयातून दोन मोठ्या नळ्या निघतात — एक फुप्फुसांकडे जाते, एक बाकीच्या अंगाकडे. आमच्या बाळाच्या त्या दोन्हींची अदलाबदल झालीय. बस्स, एवढंच. डॉक्टरबाईंचा फोन आला तेव्हा मी एका घरी सिंकखाली उताणा पडलेलो, डोकं पाइपामागे, हातात पाना, फोन खांद्यानं कानाला दाबलेला — उठताही येईना. त्या बिचाऱ्या हळूहळू समजावत होत्या, पण काका, दुसऱ्या कुणाला कळायला वेळ लागला असता, मला लागलाच नाही! अंगातून आलेलं रक्त परत अंगातच, फुप्फुसातलं परत फुप्फुसातच. दोन्हीकडे फिरतंय आणि एकमेकांना भेटत नाही. आत्ता त्याला काही होत नाही, आत्ता आईकडून मिळतंय सगळं. जन्मलं की मग — मग मोठं हॉस्पिटल, पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत ऑपरेशन. बरीचशी मुलं नीट होतात, शाळेत जातात, पळतात, असंही म्हणाल्या त्या. ते मला नंतर आठवलं. तेव्हा वरून त्या घरच्या बाई विचारत होत्या, ‘झालं का हो? पाणी सोडू?’ आणि मी म्हणालो, सोडा. सगळं तोंडावर आलं.

हिला? हिला... माहीत नाही ना. म्हणजे आता कळत असेल. फॉर्मवर नंबर माझा होता. घरी गेलो तर विचारलं तिनं, ‘रिपोर्टचं काय झालं?’ माझ्या तोंडून निघून गेलं — फोटो नीट आले नाहीत, परत बोलावलंय. हसली. म्हणाली, ‘तुझ्यावर गेलंय, पाठ करून झोपलं असणार.’ आता त्यावर कसं सांगणार? तुम्ही सांगितलं असतं? उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिची बहीण आली. परवा हिनं माझा हात पोटावर ठेवला, बघ म्हणाली, लाथा मारतंय — आणि मी पाणी पिऊन येतो म्हणून उठलो. असे आठ दिवस गेले.

हो, दुसऱ्याच दिवशी बोलावलं होतं. कामं होती हो, एका बिल्डिंगची टाकी — नाही. कामं कसली, काका. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आणखी तपासण्या लागतील, बाळ ठेवायचं की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवायचं, त्याला मुदत असते, दिवस मोजकेच आहेत. ते ‘मोजकेच’ ऐकलं आणि मला वाटलं — जाऊ देत. जाऊ देत ते दिवस. ती नको म्हणाली तर? विचारलंच नाही तर नको म्हणेल कशी! तिला सांगितलं, डॉक्टर बाहेरगावी गेल्यात. इथला फोन आला की जिन्यात जाऊन कट करायचो. काल मी आंघोळीला असताना तिनंच उचलला. ‘उद्या अकराला या’ एवढंच बोलली इथली मुलगी. सकाळपासून वाटतंय, हिला हाताला धरून पळत सुटावं. पण जायचं कुठं? जिथं जाईन तिथं ते तिच्या पोटात, आणि इथं माझ्या डोक्यात.

असं बघू नका हो. मला बाळ हवं होतं, एवढंच.

— हां सिस्टर, मीच. मीच नवरा तिचा. येऊ आत? ... नको? नको म्हणाली ती? मग काय... काय विचारलंय? फोन कुठल्या दिवशी आला होता? ... गुरुवारी. कालच्या नाही, त्याच्या आधीच्या. सकाळी. हो. तेच सांगा तिला.

तुम्हाला बोलावतायत वाटतं, काका. जा तुम्ही. जा ना.