दादाची टेप आणि माझी मान

...परत तेच! मानेला हात लावायचा नाही म्हटलं ना! माझी मान म्हणजे काय दारावरची घंटा आहे, येईल त्याने दाबावी? तुम्हाला नाही हो म्हणत, पण तुम्हाला सांगतो, मला मानेत गाठीचा टीबी काय झाला, अख्ख्या जगाचे हात शिवशिवायला लागले! बायको दाबते, सासूबाई दाबतात, शर्टाचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक माझीच मान चाचपतं... आणि आमचा दादा! आम्ही दोघंही शिंपी, दुकान एकच, तर हा रोज सकाळी गाठ किती उतरली ते मोजायला टेप घेऊन माझ्या गळ्याला फास आवळणार! मानेला हात लावायचा नाही म्हणावं, तर अंगात त्राण कुठे होतं? सुईत दोरा ओवताना धाप लागायची.

आणि एका सकाळी मान वाढलेली निघाली. गोळ्या चालू असताना! दादाने कात्री आपटली, माझी कॉलर धरली आणि फरफटत दवाखान्यात... डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणतात, "औषध लागू पडत असतानाही कधीकधी गाठ सुजते. नुसत्या गाठीवर जाऊ नका. ताप उतरला का, भूक लागते का, ताकद येतेय का, ते बघा. गोळ्या बंद करायच्या नाहीत." दादाने टेबलावर अशी मूठ हाणली की वजनकाटा नाचला! "गाठ वाढतेय आणि म्हणे लागू पडतंय? मला काय येडा समजता?"

दुकानात आला तो थेट माझ्या गोळ्यांवर. "गटारात टाकतो हे विष! तुला मारून टाकेल ते!" भीती वाटली हो, खरंच... गोळ्या गेल्या तर मी गेलो! पाकीट मी ओढतोय, तो ओढतोय, आणि त्या झोंबाझोंबीत त्याने काय धरावं? मानच! नेमकी गाठ! डोळ्यांपुढे काजवे चमकले... माझा हात कुठून उठला देव जाणे, पण असा सणसणीत बसला की दादा कापडाच्या ताग्यांवर आडवा, ओठातून रक्त, दात हलतोय!

म्हटलं, आता हा माझा मुडदाच पाडणार! तर हा पडल्या पडल्या हसतोय, डोळ्यांत पाणी... "ताकद आली रे तुला! बाई म्हणाल्या होत्या ना? लागू पडतंय!"

तेव्हापासून दादाचा तरी मानेला हात नाही. टेप खुंटीवर. पण रोज सकाळी दुकान उघडलं की दादा गाल पुढे करतो, "हं, मार बघू. कालच्यापेक्षा जोरात!" हळू बसली की दिवसभर काळजीने शिलाई वाकडी घालतो... काय करणार? आधी गोळी घेतो, मग थोरल्या भावाच्या थोबाडीत देतो. कोर्स पुरा होईपर्यंत दोन्हीत खंड पाडायचा नाही.