सांडूची खाली बसणारी जीप

…आणि वर लोक म्हणतात, सांडूचं डोकं फिरलं! अहो, फिरलं कसं? तुम्हाला सांगतो, या अख्ख्या शहरात मला एक वस्तू दाखवा जी आजारी माणसासाठी खाली येते. एक! बसची पायरी गुडघ्याच्या वर, बँकेला चार पायऱ्या, आणि दवाखान्याला, अहो दवाखान्याला सात पायऱ्या, म्हणजे ज्याला धड चढता येतं त्यानंच आजारी पडावं असा कायदा आहे की काय? आणि अशा शहरात एक माणूस आपली उंच जीप जमिनीपर्यंत खाली बसवतो, कशासाठी, तर बायकोला आपल्या पायानं आत चढता यावं म्हणून… तर तो येडा! हसा म्हणावं. हसा.

सांडू म्हणजे मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्यावरचा हायड्रॉलिकवाला. अठ्ठावीस वर्षं त्यानं एकच काम केलं, उचलायचं! ट्रॅक्टरची ट्रॉली उचल, टिपरची पाठ उचल, मुरूम पडला की पुढचं गिऱ्हाईक. पंपानं तेल दाबलं की सिलिंडरचा दांडा वर येणार, त्यात काय! पण खाली आणताना? खाली आणताना त्या टिपरला काय घाई असते, पडला धाडकन तरी कोण विचारतो? माणूस बसवायचा म्हटलं की मात्र घाम फुटतो. सांडूच सांगायचा, पान्यानं मांडी खाजवत सांगायचा, "उचलायला काय लागतंय ओ? बसवायला अक्कल लागते!"

आता हे खूळ शिरलं कुठून? तर दिवाळीनंतर सुरेखाला, म्हणजे त्याच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. उजवा पाय गेला. जीभ? जिभेला काही झालं नाही हो, उलट पायातला जोर तिकडं गेला. दवाखान्यातून सुटी मिळाली, दारात आपली जीप उभी, दोघांनी मिळून घेतलेली, आणि बाईला चढता येईना. मग चौघांनी उचललं. दोन वॉर्डबॉय, एक रिक्षावाला आणि एक कोण कुठला, नुसता उत्साही! "धर, धर… अय, पाय धर… सरकव आत!" लुगडं सरकलं, कोणीतरी फिसकन हसलं. झालं! सुरेखा वेरूळपर्यंत एक शब्द बोलली नाही. सांडूनं तिला वेरूळला तिच्या भावाकडं, गोकुळकडं नेलं, कारण घरात दुसरी बाई नाही, करणार कोण? भावानं उतरवली आणि तिनं उंबऱ्यातच सांगून टाकलं, "मी पोतं हाय का? आता ह्या गाडीत माझ्या पायानं चढंन तवाच घरी येईन. नायतर इथंच ऱ्हाईन. आन् भाड्याची गाडी आणली तर बघा!"

तुम्ही काय केलं असतं? स्टूल ठेवलं असतं! सांडूनं पण वेरूळला नेऊन ठेवलं, स्टूल हललं, बाई ओरडली, स्टूल नाल्यात. मग त्यानं जीपखाली मुंडकं घातलं ते तीन महिने बाहेर काढलं नाही.

चाकांवरचे चारी स्प्रिंगपाटे काढले. प्रत्येक चाकाशी एक सिलिंडर. मागं डिकीत पंप, त्याला वेगळी बॅटरी. आता नुसत्या तेलावर गाडी उभी केली तर ती दगडासारखी कडक, खड्ड्यात कवटी छताला! म्हणून तेलाच्या वाटेत गॅस भरलेले गोळे बसवले, ते दबतात, गाडी मऊ चालते. हे त्याला कोणी शिकवलं? कोणी नाही. मोबाइलवर कुठल्या परदेशातल्या नाचऱ्या गाड्या बघितल्या, टुणटुण उडणाऱ्या, आणि म्हणाला, ही माणसं उलटंच करून राहिली राव, मला नाचवायची नाय, मला नमवायचीय!

शेजारचा लेथवाला इलियासभाई, सगळे दांडे त्यानंच घासून दिले, पण तोंड बंद ठेवील तर शपथ! "क्या सांडूभाई, दुनिया गाड़ी ऊँची करारी, तुम कायकू नीचे लारे? ज़मीन में गाड़ने का इरादा है क्या?" सांडू आतूनच ओरडायचा, "इलियासभाई, उचलायला काय लागतंय? बसवायला अक्कल लागते!" "तो अक्कल भी लेथ पे घिस के दूँ क्या?"

पहिली चाचणी… काय सांगू! कळ दाबली, गाडी धाडदिशी पुढच्या तोंडावर. एक दिवा फुटला, समोरच्या हॉटेलातल्या कपात भजं पडलं. दुसऱ्या खेपेला डावी बाजू बसली, उजवी उभी, जशी म्हैस बसता बसता विचारात पडावी. मग तेल परत येण्याची वाट त्यानं बारीक केली, आणखी बारीक केली, सुईएवढी केली. आणि त्या दिवशी, सकाळी दहाची वेळ, कळ दाबली, तर जीप… अहो, श्वास सोडावा तशी! हळूऽऽ खाली. चारी बाजू एकसारख्या. फूटबोर्ड जमिनीपासून वीतभर. सांडूनं स्वतःचा उजवा पाय लुळा सोडला, डाव्यानं चढून बसला, उतरला, परत बसला, सात वेळा! इलियासभाईनं लेथ बंद केलं.

आणि इथंच घात झाला बघा.

सांडूनं तेलाच्या हातानं वेरूळला फोन लावला. उचलला गोकुळच्या बायकोनं, भागूबाईनं. मागं पिठाची गिरणी चालू, घर्रर्र. सांडू ओरडतोय, "वैनी! गाडी बसली! सुरेखाला सांगा, गाडी बसली ओ, एकदम बसली!" आणि फोन टाकला खिळ्याला टांगलेल्या शर्टाच्या खिशात, आणि तसाच बनियनवर निघाला वेरूळला. आनंदात माणसाला कपडे कुठं सुचतात!

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं गाडी बसली म्हणजे काय? इंजिन बसलं, धंदा बसला, भिंत बसली… चांगलं कधी बसतं का काही? भागूबाई आत गेली, तोंड पाडून म्हणाली, "ताई, भावजींचा फोन व्हता. गाडी बसली म्हणत्यात. एकदम बसली. रडल्यावाणीच बोलत व्हते बया." अहो, रडतच होता तो! पण कशानं, ते गिरणीत कसं ऐकू येणार?

सुरेखानं ऐकलं. मग म्हणाली, काय म्हणाली असेल? शिवी दिली असेल? नाही हो. म्हणाली, "तीन महिने झाले, माणूस गाडीखाली झोपलाय माझ्या हट्टापायी. गिऱ्हाईक तोडलं, जेवण सोडलं. आता गाडी पण गेली." भावाला हाक मारली, "गोकुळ, टेम्पो बोलव." गोकुळ म्हणाला, "अगं पण टेम्पोत तू चढणार कशी?" "उचला मला."

त्यांनी चार वेळा सांडूला फोन लावला. खिळ्यावरचा शर्ट वाजत राहिला.

ऋतुराज म्हणून टेम्पोवाला आहे वेरूळचा, त्याच्या टेम्पोत प्लास्टिकची खुर्ची ठेवली, खुर्चीसकट बाईला चौघांनी वर चढवलं, वरून ताडपत्री, कारण ऊन. गोकुळ मागं खुर्ची धरून. आणि तेव्हा आपला सांडू कुठं? वाटेत, पडेगावला! एका पाइपाचा जोड ठिबकायला लागला, म्हणून जीप रस्त्याच्या कडेला, आणि सांडू तिच्याखाली, पाय बाहेर. ऋतुराज नंतर मला सांगत होता, "एक जण आडवा पडला व्हता ओ रस्त्यात, मी हॉर्न हाणला, शिवी पण घातली, मरायचंय का बे म्हणलं!" सांडूला ती शिवी ऐकू आली. आतूनच त्यानं एक परत दिली. बायको हातभर अंतरावरून गेली, ताडपत्रीआड, आणि गाठ पडली ती नुसती टेम्पोवाल्याच्या शिवीची सांडूच्या शिवीशी!

सांडू वेरूळला पोचला. दारात जीप उभी केली, बनियन झटकलं, आणि कोणी बघायच्या आत ती हळूऽऽ खाली बसवली. भागूबाई दारात आली. जीपकडं बघितलं, सांडूकडं बघितलं, आणि कपाळावर हात मारला. "अवो भावजी… ती तर तुमच्याकडं गेली की! उचलून नेली." सांडूनं एवढंच विचारलं, "किती जणांनी?" "चौघांनी."

परत आला तेव्हा सुरेखा गॅरेजपुढं खुर्चीत बसलेली. इथं उतरवायला कोण होतं? हॉटेलातली चहा पिणारी पोरं! सांडूनं जीप तिच्यासमोर आणली, तोंडासमोर, आणि कळ दाबली. जीप बसली. आवाज नाही, धक्का नाही. इलियासभाई तिकडं डोळे पुसतोय आणि लेथची धूळ म्हणतोय. सांडू म्हणाला, "चढ. बघ तर चढून. पायानं चढ."

ती बघत राहिली. म्हणाली, "लई चांगली केली ओ." मग म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. एकदा उचललं का मंग काय ऱ्हातंय? घरात न्या मला, ऊन आलंय." आणि दोन्ही हात वर केले, हो, लहान लेकरासारखे, आपणहून.

सांडू मला हे सांगत होता. मी म्हटलं, उचलायला काय लागतंय, तूच म्हणतोस ना? तो म्हणाला, "भाऊ, लागतं."

तेव्हापासून असंच चाललंय. डॉक्टर म्हणतात पाय टाकला पाहिजे, वॉकर कोपऱ्यात उभा. हिला कुठं न्यायचं म्हटलं की हात वर, "उचला." जीप दारात खाली बसून असते, मांजरी चढतात, इलियासभाईची नात चढते, सगळं जग आपल्या पायानं चढतं. भांडण नाही, टोमणा नाही, भाजीला मीठ नाही तरी हूं नाही. आता मला सांगा, अठ्ठावीस वर्षं जी बाई सांडूनं केलेला चहा तोंडात धरून मोरीत थुंकायची, "ह्याला चहा म्हणतो का रे माणसा, तुझ्या पंपातलं तेल बरं," म्हणायची… परवा सांडूनं मुद्दाम, हो मुद्दाम, चहात साखरेऐवजी मीठ घातलं. दोन चमचे. पुढं ठेवला आणि बसला वाट बघत, की आता उठेल, आता कप फेकेल, आता पाय आपटेल.

तिनं सगळा प्यायला. कप खाली ठेवला. म्हणाली, "चांगला झालाय."